वीरकाव्यातील दोन श्रद्धा : ‘बेवुल्फ’ आणि लिंगोचे गाणे

१

जुने वीरकाव्य आणि नवा धर्म यांच्या नात्याचा प्रश्न इंग्रजी वाङ्मयेतिहासात समीक्षकांच्या कितीतरी आधी एका धर्मपंडिताने उपस्थित केला. इ.स. ७९७ च्या सुमारास अल्क्विनने इंग्लंडमधील एका बिशपला पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या पंगतीत शास्त्रवाचन व्हावे, वाद्याच्या साथीवर जुन्या राजांची गाणी होऊ नयेत, असा त्याचा आग्रह होता. इंगेल्ड नावाच्या मूर्तिपूजक वीराचा ख्रिस्ताशी संबंध तो काय, असे त्याने विचारले आणि घर अरुंद असून त्यात दोघांचा समावेश होणे नाही, असे कारणही दिले. तक्रार करावी लागली यावरूनच दोघेही त्या घरात नांदत होते हे उघड होते. वीरकाव्यातील श्रद्धासंघर्षाचा विचार करताना अल्क्विनचा आग्रह आणि त्या पंगतीतील वस्तुस्थिती या दोहोंमधील अंतर नजरेआड होऊ देता कामा नये.

‘बेवुल्फ’ हे ३,१८२ ओळींचे काव्य याच अंतरात उभे आहे. इ.स. १००० च्या आसपास दोन लेखनिकांनी लिहून काढलेल्या एकाच हस्तलिखितात ते टिकले आणि १७३१ च्या आगीतून ते कसेबसे वाचले. त्यातील घटना सहाव्या शतकातील डेन्मार्क व दक्षिण स्वीडनमधील आहेत. पात्रे ख्रिस्ती नाहीत, निवेदक मात्र ख्रिस्ती आहे. ग्रेंडेल हा राक्षस बायबलमधील केनच्या, म्हणजे पहिल्या भ्रातृघातक्याच्या, कुळातील असल्याचे निवेदक सांगतो. त्या राक्षसाच्या भयाने गांजलेले डेन आपल्या जुन्या देवस्थानांकडे नवस बोलू लागतात, तेव्हा त्यांना याहून थोर देव ठाऊक नव्हता म्हणून तो हळहळतो. असे असूनही काव्य संपते ते नायकाच्या चितेपाशी, आणि त्याचा अगदी शेवटचा शब्द नायकाला असलेल्या कीर्तीच्या ओढीविषयीचा आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्रात कीर्तीची ओढ हा सद्गुण मानलेला नाही. तो शब्द गौरवाचा की खंतीचा, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

समीक्षेने या प्रश्नाला दिलेली उत्तरे त्या त्या काळाची आहेत. १८९७ मध्ये ब्लॅकबर्नने असे मांडले की, काव्यातील ख्रिस्ती स्थळे थोडी आहेत, ती वगळली किंवा किंचित बदलली तरी खाली अखंड मूर्तिपूजक काव्य शिल्लक राहते. १९३६ च्या व्याख्यानात टॉल्किनने चर्चेची दिशा बदलली. काव्य दोन थरांचे नसून दोन काळांकडे एकदम पाहणाऱ्या एका कवीचे आहे, आणि ज्या वीरांना पराभव अटळ होता त्यांच्याविषयीची करुणा हाच त्याचा गाभा आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९६४–६५ मध्ये एरिक स्टॅन्ली यांनी त्याहून अवघड प्रश्न विचारला : अँग्लो-सॅक्सन काव्यात शुद्ध मूर्तिपूजकता शोधण्याची ही हौस मुळात कोणाची? एकोणिसाव्या शतकातील जर्मन राष्ट्रभावनेला ख्रिस्तपूर्व पूर्वज हवे होते, म्हणून ते काव्यात सापडत गेले, असे त्यांनी दाखवून दिले. १९६७ मध्ये लॅरी बेन्सन यांनी, ख्रिस्ती कवीनेच काव्याला मूर्तिपूजक रंग दिला असावा, अशी उलटी शक्यता पुढे केली. १९८५ मध्ये फ्रेड रॉबिन्सन यांनी हा वाद शब्दार्थापर्यंत नेला. देव, नियती, विधाता यांसाठी येणारे शब्द पात्रांच्या तोंडी जुन्या अर्थाने आणि श्रोत्यांच्या कानी नव्या अर्थाने एकाच वेळी वावरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

नागपूर विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत हा वाद परीक्षेतील एका टिपेच्या रूपाने पोहोचतो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावाहून तो आलेला असेल, तर त्याने एका पडक्या किल्ल्याच्या सावलीत लहानपण काढलेले असते, धानाच्या बांध्या व तलाव पाहिलेले असतात, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर दंडार पाहिलेली असते. ‘बेवुल्फ’मधील ख्रिस्ती व मूर्तिपूजक मूल्यांवर तो चार पाने लिहू शकतो. परंतु ज्या जिल्ह्यात तो वाढला त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात अशीच एक गुहा आहे, तिच्याभोवती एक वीरकाव्य आहे आणि त्या काव्यात दोन श्रद्धांचा असाच तंटा आहे, हे त्याला अभ्यासक्रमातील कोणतेही पुस्तक सांगत नाही.

२

मराठीत वीरकाव्य म्हटले की अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा यांच्यापासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु पोवाड्यात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वीराचा पराक्रम आणि भवानीचा कौल एकमेकांना पूरक असतात, आणि शाहिराची श्रद्धा व नायकाची श्रद्धा एकच असते. ज्या काव्यात गाणाऱ्याची, ऐकणाऱ्याची आणि लिहून घेणाऱ्याची श्रद्धा वेगवेगळी आहे असे काव्य विदर्भात शोधायचे, तर गोंडांच्या लिंगोच्या गाण्याकडे वळावे लागते.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आला. त्याने शाळा काढली, खडक आणि जीवाश्म तपासले, भाषा शिकल्या, आणि एका परधान पुजाऱ्याकडून लिंगोचे गाणे गोंडीत, शब्दाला शब्द, रोमन अक्षरांत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडून त्याचा अंत झाला. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्याचे कागद १८६६ मध्ये संपादून छापले, आणि त्यांत हे गाणे शब्दशः भाषांतरासह प्रसिद्ध झाले. पुढे १८७१ मध्ये जेम्स फोर्साइथने मध्य भारतावरील आपल्या पुस्तकात त्याचे इंग्रजी पद्यरूप दिले. लाँगफेलोच्या ‘हायवाथा’चा छंद त्याने त्यासाठी घेतला आणि लिंगोला ख्रिस्ती संतांची पदवी जोडून टाकली. काव्य गोंडांचे, कंठ परधानाचा, लेखणी मिशनऱ्याची, संपादन प्रशासकाचे आणि छंद अमेरिकन कवीने फिनलंडकडून घेतलेला, अशी ही परंपरा आहे. ‘बेवुल्फ’च्या लेखनिकांविषयी समीक्षक जे तर्काने सांगतात, त्यांतील बरेच येथे सनावळीसह उपलब्ध आहे.

गाण्याचा कथाभाग असा. गोंड जन्मतात, सर्वत्र पसरतात, मिळेल ते खातात, अंघोळ करीत नाहीत. त्यांची दुर्गंधी धवलगिरीवरील महादेवाला असह्य होते. तो एक खार निर्माण करून पळवितो, गोंड तिच्या मागे धावत गुहेत शिरतात, आणि महादेव गुहेच्या तोंडावर शिळा लावून भस्मासुराला पहाऱ्यावर बसवितो. चौघे बंधू तेवढे निसटतात. इकडे पार्वतीला गोंड दिसेनासे झाले, त्यांचा वास येईनासा झाला, म्हणून चैन पडत नाही. ती उपवास धरते. भगवानाच्या कृपेने एका फुलातून लिंगो जन्मतो. तो त्या चौघा भावांना शोधतो, रान तोडून धान पेरायला शिकवितो, हरणांनी शेत खाल्ले तर त्यांचा माग काढतो, रिकड गवडी नावाच्या म्हाताऱ्या दैत्याकडून विस्तव आणतो, तुंबड्याच्या वाद्यावर त्याला नाचवितो, आणि त्याच्या सात मुली भावांना मिळवून देतो. त्या स्त्रिया लिंगोवर मोहित होतात. तो त्यांना झिडकारतो, तेव्हा त्या त्याच्यावर आळ घेतात. भाऊ लिंगोला ठार करून त्याचे डोळे काढतात. देव अमृत पाठवून त्याला उठवितात. उठल्यावर तो भावांकडे परत न जाता गुहेतील गोंडांच्या शोधास निघतो. महादेव त्याला बिंदो पक्ष्याची पिल्ले आणायला सांगतो. ती पिल्ले खाणाऱ्या समुद्रातील भवरनागाला लिंगो मारतो, पक्षी त्याचा ऋणी होतो, आणि महादेवाला शिळा दूर करावी लागते. मग लिंगो गोंडांना गोत्रे देतो, पेनांची स्थापना करतो, परधानाला त्याचे काम नेमून देतो, आणि देवांकडे निघून जातो.

३

या गाण्यावर पहिला विचार ब्लॅकबर्नच्या पद्धतीने झाला. महादेव, पार्वती, भगवान, भस्मासुर, अमृत ही सारी हिंदू पुराणांतील सामग्री. ती परधानांच्या हिंदू संपर्काने चिकटलेली. ती खरवडून काढली की खाली मूळ गोंडी कथा मिळेल, असे हे तर्कशास्त्र. त्याची सोय उघड आहे. त्यातील अडचण काव्य वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

महादेव हा वरून दिलेला रंग असेल, तर तो तुरुंगाधिकारी का झाला? कोणताही गायक आपल्या गाण्याला प्रतिष्ठित देवाची जोड देतो ती त्या देवाची कृपा मिळविण्यासाठी. येथे प्रतिष्ठित देव दुर्गंधीला विटून एका अख्ख्या लोकाला गुहेत कोंडतो. म्हणजे काव्यातील सर्वांत मोठे संकट राक्षसाकडून येत नाही. ते शुचितेच्या कल्पनेतून येते. गोंडांचा अपराध तरी कोणता? ते काय खातात, धुतात की नाही, त्यांचा वास कसा येतो, एवढाच. मध्य भारतातील आदिवासीकडे वर्णसमाजाने ज्या नजरेने पाहिले, ती नजरच काव्याने देवाच्या डोळ्यांत ठेवली आहे. हा थर काढून टाकला तर खाली शुद्ध गोंडी काव्य राहणार नाही. खाली गुहाच राहणार नाही.

याच काव्यात पार्वती आहे. तिला त्या वासाची उणीव भासते. महादेवाला जे असह्य तेच तिला हवेसे, आणि तिच्या उपवासातूनच मुक्तिदात्याचा जन्म होतो. परकीय श्रद्धेच्या घरात परधानाने अशी फूट पाडली आहे. ‘बेवुल्फ’च्या कवीला नव्या धर्माकडून पूर्वजांसाठी करुणा हवी होती. ती त्याला उघडपणे मागता आली नाही, म्हणून ती त्याने निवेदकाच्या हळहळीत ठेवली. परधानाने ती थेट देवाच्या पत्नीकडे दिली. दोन्ही ठिकाणी काव्य धर्मशास्त्राहून अधिक उदार झाले आहे.

लिंगो मात्र या मांडणीत सरळ बसत नाही, आणि काव्याचे मोठेपण त्यातच आहे. तो गोंडांचा नायक असला तरी वृत्तीने गोंडांसारखा नाही. तो फुलातून जन्मलेला, स्त्रीसंगापासून दूर राहणारा, तपाने देवाला प्रसन्न करणारा आहे. यातील बरेचसे गुण जोग्याचे, म्हणजे महादेवाच्याच बाजूचे. गोंडांना गुहेतून सोडविणाऱ्यात तुरुंगाधिकाऱ्याचे गुण असावेत, ही विसंगती कोणा लेखनिकाच्या हलगर्जीपणाने आली असे मानणे सोपे आहे. परंतु त्या गुणांचे तो काय करतो हे पाहिले की निराळे दिसते. तपाच्या बळाने तो स्वतःसाठी मोक्ष मागत नाही, कोंडलेली माणसे मागतो. मुक्तीनंतर तो ज्या पेनांची स्थापना करतो, त्यांच्यापुढे बोकड आणि दारूच चालते. शत्रूच्या मूल्यव्यवस्थेतील साधन त्याने घेतले, तिचे साध्य घेतले नाही. अँग्लो-सॅक्सन काव्यात याच्या नेमके उलट घडले. ‘रूडचे स्वप्न’ या काव्यात क्रुसावर चढणारा ख्रिस्त स्वतःहून रणात झेपावणाऱ्या तरुण योद्ध्याच्या वेषात येतो. तेथे नव्या धर्माने जुन्या वीराचे साधन घेतले. श्रद्धा एकमेकींवर मात करतात त्याहून अधिक वेळा एकमेकींची हत्यारे उसनी नेतात.

वीरत्वाच्या कल्पनेतही या दोन काव्यांत महत्त्वाचा फरक आहे. जर्मानिक वीरधर्माचा आधार सूड हा होता. आप्ताच्या रक्ताची भरपाई रक्ताने किंवा द्रव्याने करणे हे प्रतिष्ठेचे कर्तव्य, आणि ‘बेवुल्फ’मधील उपकथांत हे कर्तव्यच राजघराणी धुळीला मिळविते. लिंगोला सख्ख्यासारखे मानलेले भाऊ ठार करतात, डोळे काढतात. तो पुन्हा उठतो, आणि सूड घेत नाही. येथे मिशनरी लेखणीचा संशय घेण्याचा मोह अनेकांना होईल : निर्दोष असून मारला गेलेला, पुन्हा जिवंत झालेला, क्षमा करून अखेर देवाकडे गेलेला नायक, आणि त्याची कथा लिहून घेणारा ख्रिस्ती धर्मप्रचारक! परंतु साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. स्त्रीचा खोटा आळ, अमृताने जिवंत करणे, कावळ्याचे दूतकार्य ही या भूमीतील लोककथांची जुनी सामग्री आहे. हिस्लॉपने शब्दाला शब्द ठेवून लिहिले, ही त्याच्या धर्मनिष्ठेहून मोठी अशी अभ्यासकाची निष्ठा होती. फोर्साइथने लिंगोला संत केले, ते मात्र अल्क्विनच्या अरुंद घरात त्याला जागा मिळावी म्हणून केले, असे म्हणावे लागते. बिचाऱ्याचा हेतू सन्मानाचाच असला तरी त्याने लिंगोला दुसऱ्या एका गुहेत नेऊन ठेवले.

४

आतापर्यंतचा विचार संहितेपुरता होता. परंतु ‘बेवुल्फ’ आणि लिंगोचे गाणे यांत असा एक भेद आहे की ज्यापुढे संहितेची चर्चा थबकते. ‘बेवुल्फ’च्या जुन्या देवांना आज कोणी नवस बोलत नाही. लिंगोला मानणारी माणसे आज आहेत, आणि ती दर माघ पौर्णिमेला कचारगडला जमतात.

कचारगड सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या डोंगरात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता. म्हणजे सानगडी आणि ती गुहा एकाच जिल्ह्याच्या नकाशावर होती. १९८० नंतरच्या दशकांत येथील यात्रा वाढत गेली आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही गोंड येथे येऊ लागले. या जागृतीला वैचारिक आधार देणाऱ्यांत मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रामटेक तालुक्यात जन्मलेल्या आणि नागपुरात राहून लिहिणाऱ्या कंगालींनी पहांदी पारी कुपार लिंगोला गोंडी पुनेमचा संस्थापक म्हणून मांडले. त्यांच्या मांडणीत शंभू हा पुराणांतून आलेला देव नाही. तो गोंडांचाच आद्य अधिपती असून हिंदूंनी त्याला महादेव करून घेतले. गुहेत कोंडली जातात ती कली कंकालीची मुले. लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका पाटालीर त्यांना मुक्त करतात. हिरासुकाच्या संगीताने मुलांना बळ येते, शिळा सरकते, आणि तिच्याखाली तो वादकच चिरडला जातो.

स्टॅन्ली यांचा आक्षेप येथे लागू करणे सोपे आहे : शुद्ध मूळ शोधणारे आपल्याला हवे तेच शोधतात. परंतु तो जसाच्या तसा लागू करणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील जर्मन पंडित मूर्तिपूजक पूर्वज शोधीत होते तेव्हा त्यांच्या पाठीशी विद्यापीठे आणि उदयाला येणारे राष्ट्र होते. त्यांचा धर्म कोणी त्यांना न विचारता नोंदवून टाकीत नव्हता. गोंडांच्या बाबतीत जनगणनेच्या रकान्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत ही नोंद इतरांनी केली. स्वातंत्र्यानंतर जनगणनेत आदिवासी धर्मांचा वेगळा रकाना राहिला नाही, आणि तो पुन्हा मिळावा ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. ज्यांची ओळख इतरांनी लिहिली त्यांनी आपल्या काव्यातून इतरांची नावे पुसू पाहिली, तर ती हौस म्हणता येणार नाही. ती आत्मरक्षा आहे. समीक्षेने हे मान्य केले पाहिजे, आणि मान्य करूनही आपले काम सोडता कामा नये.

ते काम असे की, दोन पाठांतून दोन भिन्न नैतिक कथा निघतात हे दाखविणे. हिस्लॉपच्या पाठात कोंडणारा परका आहे, म्हणून काव्य आरोपपत्र होते. कंगालींच्या मांडणीत कोंडणारा घरचाच ज्येष्ठ आहे, म्हणून काव्य कुटुंबातील शिक्षा, शिक्षण आणि दीक्षा यांची कथा होते. मुले गुहेबाहेर येतात ती पुनेम शिकण्यासाठी. दुसऱ्या पाठाने गोंडांना आपला आद्य पुरुष परत मिळतो. पण पहिल्या पाठातील आरोप, म्हणजे आम्हांला वासावरून कोंडले हे विधान, त्यात राहत नाही. शुद्धीकरणाची ही किंमत आहे. ती द्यावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्यांचे गाणे आहे त्यांचा. मात्र अशुद्ध समजला गेलेला मिश्र पाठच त्यांची बाजू अधिक प्रखरपणे मांडतो, हे नमूद करण्याचे कर्तव्य वाचकाचे आहे. शुचितेपायी एका लोकाला कोंडणाऱ्या देवाची कथा वाचताना समीक्षकाने त्याच शुचितेने संहिता धुऊन काढावी, यासारखा विपर्यास नाही.

परधानाचे स्थानही या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. मिश्रणाचा दोष सहसा त्याच्या माथी मारला जातो. परधान हा गोंडांचा गायक, वंशावळी राखणारा, पेनांच्या पूजेत अधिकार असलेला. आणि तरीही यजमानाच्या दृष्टीने सामाजिक पायरीवर खालचा. हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात नोंदविले आहे की, तेथील परधानांच्या घरची भाषा मराठी आहे आणि ते किंगरीवर गाणी गातात ती गोंडीत. जो घरी एक भाषा बोलतो आणि पुण्यकर्मात दुसरी गातो, त्याच्या काव्यात दोन श्रद्धा एकत्र आल्या तर नवल नाही. त्याचे जगणेच मुळी दुहेरी आहे. ‘बेवुल्फ’च्या कवीचे नाव, गाव, व्यवसाय काहीच हाती लागत नसल्याने त्याच्या मनातील दुहेरीपण तर्काने रचावे लागते. परधान मात्र समोर बसून ते दाखवू शकतो. १९४६ मध्ये शामराव हिवाळे यांनी नर्मदाखोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला. हिवाळे मराठी भाषक, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले. व्हेरिअर एल्विनबरोबर ते आदिवासींत राहिले आणि तेथेच रमले. क्रूस घेऊन निघालेली माणसे गाण्यापाशी थांबली, असा हा आणखी एक दाखला.

५

या प्रश्नाचा मराठीशी संबंध एवढ्यावर संपत नाही. ख्रिस्ती आशय आणि या भूमीतील काव्यरूप यांची गाठ मराठीत फार पूर्वी पडली आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि १५७९ मध्ये गोव्यास आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती; त्यांना ऐकण्यासाठी काहीतरी हवे होते, म्हणून त्याने ओवीत बायबलची कथा रचली आणि वैकुंठासारखे शब्द निःशंकपणे वापरले. ज्या इंग्रजाने मराठीची स्तुती केली त्याला स्वतःच्या देशातील ‘बेवुल्फ’ ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ते काव्य १८१५ पर्यंत छापलेच गेले नव्हते. रॉबिन्सन यांचा दुहेरी अर्थाचा सिद्धांत ‘ख्रिस्तपुराणा’ला हुबेहूब लागू पडतो. वैकुंठ म्हणताना कवीच्या मनात एक लोक असतो आणि श्रोत्याच्या कानात दुसरा, आणि काव्य या दोहोंच्या मध्ये घडते.

पुढे १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. त्याने त्यांना नवा करार दिला आणि १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ती गाडी भंडारा जिल्ह्यातून, दरेकसाच्या डोंगरांतून जाते. टिळकांनी पुढे भक्तिपरंपरेच्या भाषेत ख्रिस्त गायिला, आणि १९१९ मध्ये अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या खिडकीबाहेर लिंगोची गुहा होती त्या डब्यात मराठी ख्रिस्ती काव्याचे बीज पडावे, हा निव्वळ भूगोलाचा योग आहे. त्यावर सिद्धांत उभारण्याचे कारण नाही. परंतु मराठी वाङ्मयेतिहासात स्टीफन्सला प्रकरण आहे, टिळकांना प्रकरण आहे, शाहिरांना प्रकरण आहे, आणि लिंगोला तळटीपसुद्धा नाही, हा योग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही.

याचे उत्तर सहसा असे दिले जाते की, ते गाणे गोंडीत आहे, मराठीत नाही. उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण ‘बेवुल्फ’मध्ये इंग्लंडचा उल्लेखही जवळजवळ नाही, त्याची भाषा आजच्या इंग्रजाला शिकल्याशिवाय कळत नाही, आणि तरी इंग्रजी वाङ्मयाचा आरंभ त्याच्यापासून सांगितला जातो. भाषेपेक्षा येथे इच्छा निर्णायक ठरली आहे. देशीयतेचा पुरस्कार करणाऱ्या मराठी समीक्षेने ओवी, अभंग, लीळाचरित्र यांपर्यंत मुळे शोधली. झाडीपट्टीच्या अंगणातील हे मूळ तिच्या दृष्टीस पडले नाही, कारण तिची देशाची कल्पनाही अखेर मराठी भाषकांच्या प्रदेशाएवढीच होती. साकोलीत राहून हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार अभ्यासाचा विषय करून दाखविली, तेव्हा जिल्ह्याच्या बोलीला प्रथमच विद्वत्तेच्या वर्तुळात मान मिळू लागला. त्या बोलीला लागूनच गोंडी आहे, आणि शेजारच्या आवारात काय गायिले जाते हे ऐकणे ही पुढची साहजिक पायरी आहे.

सानगडीच्या विद्यार्थ्याला त्यातून काय मिळेल? त्याला ‘बेवुल्फ’ अधिक चांगले कळेल, हा लहान लाभ. श्रद्धा बदलते तेव्हा काव्यावर काय गुदरते, हे त्याला हस्तलिखिताच्या जळक्या कडांवरून अनुमानावे लागणार नाही, कारण ते त्याच्या आसपास अद्याप घडत आहे. रात्रीच्या रात्री माळ्यावर जागून बांधीतले धान राखणाऱ्या घरातील मुलाला, हरणांनी शेत खाल्ल्यावर लिंगोचे भाऊ का खवळले, हे प्राध्यापकाने समजावून देण्याची गरज पडणार नाही. मोठा लाभ याहून वेगळा आहे, आणि तो सुखाचा नाही. काव्यातील शिळा कोणी लावली हा प्रश्न विचारताना त्याला स्वतःचे घर, जात, पंगत यांचाही विचार करावा लागेल. महादेवाला ज्यांचा वास सहन झाला नाही त्यांचे वंशज त्याच्या शाळेत त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेले होते.

गाण्याच्या अखेरीस पूर आलेली नदी आहे. मगर गोंडांना पाठीवर घेते आणि मध्यावर दगा देते. कासव मात्र त्यांना पैलतीरी नेते. निरोप घेताना लिंगो सांगून जातो की, कासवाला दिलेला शब्द मोडू नका. कीर्तीची मागणी तो करीत नाही, स्मारकाचीही नाही. ज्याने पार केले त्याचे ऋण लक्षात ठेवा, एवढेच त्याचे मागणे आहे. ते ऋण गाऊन लक्षात ठेवण्याचे काम परधानाला मिळाले. त्याने ते केले म्हणूनच हिस्लॉपला लिहून घेण्यासारखे काही सापडले.